उभ्या पाण्याविना धान : वाचलेले पाणी कोणाचे?

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत धानाच्या दोन नव्या वाणांची घोषणा केली. एकाचे नाव 'कमला', दुसऱ्याचे 'पुसा डीएसटी राईस-१'. जनुक-संपादनाच्या तंत्राने सिद्ध झालेले हे देशातले पहिले धान. पाणी कमी लागेल, पीक लवकर हाती येईल, मिथेन वायू कमी सुटेल, उत्पादन मात्र वाढेल, असे त्यांचे गुणवर्णन करण्यात आले. त्यानंतर आपल्या कार्यकर्त्यांत ज्या चर्चा कानावर आल्या त्यांत दोनच सूर होते. एक, हा कंपन्यांचा नवा सापळा आहे. दुसरा, विज्ञानाने अखेर धानाचा प्रश्न सोडविला. दोन्ही मते मांडायला सोपी आहेत, कारण दोहोंसाठी बांधीपर्यंत जावे लागत नाही. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात काम करणाऱ्यांना मात्र तसे करून चालणार नाही.

यातला दुसरा वाण 'एमटीयू-१०१०' या वाणापासून तयार केला आहे. आपल्याकडे त्याला नुसते 'एक हजार दहा' म्हणतात आणि सरकारी खरेदी केंद्रांवर तो भरपूर येतो. म्हणजे घोषणा दिल्लीत झाली तरी विषय आपल्या अंगणातला आहे. आता गंमत अशी की, या वाणाच्या उत्पादनवाढीचे जे आकडे घोषणेच्या वेळी सांगितले गेले (साधारण साडेनऊ ते तीस टक्के) ते क्षारयुक्त आणि चोपण जमिनींतले होते. भंडाऱ्याच्या बांध्या क्षारांनी बाधलेल्या नाहीत. आपली अडचण आहे ती भाद्रपदात पावसाने दिलेल्या दडीची, आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या तलावाची. ज्या रोगावर औषध तपासले तो रोग वेगळा आणि ज्या रोग्याला ते देणार तो वेगळा, असा हा प्रकार होऊ नये एवढी सावधगिरी तरी आपण बाळगली पाहिजे.

मूळ प्रश्नाकडे वळू. धान हे पाण्यातले पीक आहे ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की, बांधीत पाणी उभे नसेल तर शेतकऱ्याला शेती उघडी पडल्यासारखी वाटते. वस्तुतः धानाच्या खोडामुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून हवा खाली पोचते आणि म्हणून ते पाण्यात तग धरू शकते. तग धरणे वेगळे आणि गरज असणे वेगळे. चिखलणी करून पाणी साठविण्याचे पहिले प्रयोजन तण दाबणे हे होय. साचलेल्या पाण्यात बहुतेक तणांचे बी रुजत नाही, आणि आधीच महिनाभराचे झालेले पऱ्हे रोवल्यामुळे धानाला तणाच्या पुढे धाव घेता येते. शिवाय पाण्याखालच्या मातीत लोह आणि स्फुरद मुळांना सहज मिळते. हे लाभ खरे आहेत, पण त्यांचे मोलही मोठे आहे. एक किलो धान पिकविण्यासाठी पाऊस आणि सिंचन मिळून सरासरी अडीच हजार लिटर पाणी शेतात यावे लागते, असा आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या अभ्यासकांचा हिशेब आहे. त्यापैकी सुमारे चौदाशे लिटरच वाफ होऊन खरोखर जाते. उरलेले झिरपते किंवा वाहते आणि खालच्या विहिरीत, ओढ्यात, तलावात पुन्हा सापडते. हा दुसरा आकडा घोषणांत कधी सांगितला जात नाही. तो पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

फिलिपाईन्समध्ये लॉस बान्योस येथे ही आंतरराष्ट्रीय संस्था १९६० मध्ये स्थापन झाली आणि १९६६ मध्ये तिने आयआर-८ हा बुटका वाण दिला. आपल्याकडे अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प १९६५ मध्ये सुरू झाला. त्यानंतरच्या दोन पिढ्यांत धानाचे जे शेकडो वाण निघाले त्यांची निवड कुठे झाली? बहुतांशी चिखलणी केलेल्या, खताने तृप्त, पाण्याने भरलेल्या वाफ्यांत. निवडीचा नियम असा की, ज्या परिस्थितीत निवडाल त्या परिस्थितीचाच विजेता हाती येतो. परीक्षेचा विषय पोहणे हा असेल तर धावणारा विद्यार्थी नापासच होणार. पुढे कधी धावपटूंची गरज पडली की मग वर्गात कोणी धावतच नाही अशी तक्रार करायची! आज धानाच्या मुळ्या उथळ का आहेत, जमीन थोडी सुकली की लोंबी पोटात का अडकते, याची कारणे केवळ निसर्गात शोधू नयेत. पन्नास वर्षांच्या निवडीत ती सापडतात.

उभ्या पाण्याविना येणारे धान घडवायचे म्हणजे ही परीक्षाच बदलावी लागते. बी थेट कोरड्या किंवा ओलसर जमिनीत पडणार, तेव्हा दोन-तीन बोटे खोलीवरून कोंब वर काढण्याची ताकद त्याला हवी. पेरल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मुसळधार पाऊस येऊन बी पाण्याखाली गेले, तर तिथेही ते कुजता कामा नये; मृगात पेरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा अनुभव नवा नाही. पहिल्या तीन आठवड्यांत पानांनी जमीन झाकली पाहिजे, म्हणजे तणाला ऊन मिळणार नाही. मुळे खोल गेली पाहिजेत. जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये मुळांना सरळ खाली वळविणारा एक जनुक फिलिपाईन्समधल्या एका जुन्या कोरडवाहू वाणात शोधून काढला, तेव्हा त्याचा गवगवा झाला तो याचसाठी. फुलोऱ्याच्या आठवड्यात ताण पडला तरी दाणा भरला पाहिजे. हवेशीर जमिनीत लोह बंदिस्त होते, म्हणून पाने पिवळी पडू न देणारे वाण हवेत. सूत्रकृमींचा उपद्रव पाणी साचलेल्या जमिनीत दबलेला असतो, कोरड्या जमिनीत तो डोके वर काढतो. लॉस बान्योस येथील प्रयोगांत त्याच शेतात वर्षानुवर्षे असे धान घेतल्यावर उतारा घसरत गेलेला दिसला. इतके गुण एका रोपात आणणे ही एका जनुकाची करामत नव्हे. एखादा जनुक हाती लागला की प्रश्न सुटला असे जे चित्र उभे केले जाते, त्याबद्दल माझा आक्षेप विज्ञानाच्या बाजूने आहे, विज्ञानाविरुद्ध नाही.

असे धान जगात आहे. ब्राझीलच्या पठारी प्रदेशात आणि उत्तर चीनच्या मैदानात ज्वारी-गव्हासारखे पेरलेले धान शेतकऱ्यांनी घेतले आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने २००७ मध्ये 'शारदा' हा वाण दिला, कटकच्या संस्थेने २०१२ मध्ये 'प्यारी'. हजारीबागच्या कोरडवाहू धान केंद्राने आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने वाढविलेला 'सहभागी धान' २०१० मध्ये प्रसारित झाला. तो एकशेपाच दिवसांच्या आसपास तयार होतो, आणि त्याचे नाव ठेवताना शेतकऱ्यांच्या बांधांवर त्यांच्यासह केलेल्या निवडीची आठवण जपली गेली. या नावाला मी फार महत्त्व देतो. विद्यापीठाच्या वाफ्यात कोरडेपणा 'निर्माण' करावा लागतो; हजारीबागच्या उतारावरच्या शेतकऱ्याकडे तो आयताच असतो.

महाराष्ट्रातही ही परंपरा अगदीच अनोळखी नाही. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पाभरीने धान पेरतात, त्याला पेरभात म्हणतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात या कोरडवाहू भातासाठी स्वतंत्र संशोधन योजना आहे आणि 'प्रभावती', 'पराग' असे वाण तिथून निघाले आहेत. लोहाच्या कमतरतेने पाने पिवळी पडण्याला तिकडचा शेतकरी केवडा पडणे म्हणतो. हा शब्द भंडाऱ्यात अजून फारसा कानी येत नाही, कारण इथे पाणी साचते. कर्जत तालुक्यात नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा भात तंत्र' रूढ केले. त्यात गादीवाफ्यावर टोकण होते, चिखलणी नाही आणि रोवणीही नाही. आणि अगदी आपल्या दाराशी, गडचिरोलीत व आपल्याही काही भागांत, 'आवत्या' पद्धतीने बी फेकून धान घेणारे शेतकरी पिढ्यान् पिढ्या आहेत. कृषी खात्याच्या भाषणांत आवत्या ही मागासलेपणाची खूण म्हणून सांगितली जात असे. आता तीच गोष्ट सुधारित नावाने, यंत्रासह आणि तणनाशकासह परत येते आहे, आणि तिला पुढारलेली म्हणतात. शेतकरी हसतो ते उगाच नाही.

तथापि बंगळूरचे किंवा कटकचे बी आणून साकोली-लाखांदुरात पेरले की काम झाले असे समजू नये. हा पट्टा गादमाशीचा आहे. तुडतुडा आहे, करपा आहे. जमीन एका जातीची नाही : कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बरडी अशी पाच नावे इथला शेतकरी सहज सांगतो, आणि प्रत्येकीचे पाणी धरणे वेगळे. साकोलीचे आणि सिंदेवाहीचे संशोधन केंद्र अकोल्याच्या कृषी विद्यापीठाखाली काम करतात. साकोली व सिंदेवाही ही नावे धारण करणारे वाण शेतकऱ्यांच्या घरात आहेत. उभ्या पाण्याविना येणाऱ्या धानाची निवड व्हायची तर ती याच केंद्रांतून आणि त्यांच्या भोवतीच्या सिहार-बरडी जमिनींवरून झाली पाहिजे.

आता भंडाऱ्याच्या पाण्याचा हिशेब. इथे पाऊस वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आगेमागे पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. खरिपात दीड लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर धान असते. या काळात सखल बांधीत जे पाणी उभे असते ते कालव्याने आणलेले नसते, आकाशातून पडलेले असते. ते अडविले नाही तर वैनगंगेत जाते. ते अडविल्याने विहिरींना पाझर मिळतो. म्हणून 'धान म्हणजे पाण्याची उधळपट्टी' हे वाक्य पंजाबात शंभर टक्के लागू असले तरी भंडाऱ्याच्या खरिपाला जसेच्या तसे चिकटविणे हा हिशेबाचा अडाणीपणा आहे. सखल बांधीतून उभे पाणी काढा असे सांगणाऱ्याला शेतकरी दारात उभे करणार नाही, आणि त्याचे बरोबरच असेल.

मग कमी पाण्याच्या वाणाची गरज कोठे आहे? दोन ठिकाणी, आणि ती दोन्ही एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. पहिले, उतारावरच्या उंच बांध्या. तिथे पाणी टिकत नाही. पोळ्याच्या सुमारास पंधरा दिवस पाऊस रुसला की चिखलणी केलेली जमीन भेगाळते आणि भारी धान तर हातचे जाते. अशा जमिनी बहुधा कोणाच्या वाट्याला आल्या आहेत हे गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्याला सांगायला नको. तलावाखालच्या सखल बांध्या जुन्या घरांकडे आहेत. वरचे तुकडे आदिवासींकडे, दलितांकडे, मागाहून आलेल्यांकडे. त्यांना शंभर-एकशेदहा दिवसांत येणारे, खोल मुळांचे हलके धान मिळाले, तर लाभ 'पाणी वाचविण्या'चा नाही, पीक वाचण्याचा आहे. त्याहून मोठा लाभ असा की, दसऱ्याच्या सुमारास शेत मोकळे झाले तर उरलेल्या ओलीवर लाखोळी, हरभरा, जवस घेता येतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर या वाणाचे मूल्य धानाच्या लोंबीत मोजू नये, त्याच्यामागून येणाऱ्या पिकात मोजावे.

दुसरे ठिकाण म्हणजे उन्हाळी धान. इथे प्रत्येक थेंब तलावातून, कालव्यातून किंवा पंपाने येतो, आणि तोही वैशाखाच्या उन्हात. इथे पाण्याची बचत खरी आहे. मात्र त्यासाठी नव्या वाणाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. बांधीत सच्छिद्र नळी रोवायची, पाण्याची पातळी जमिनीखाली वीतभर गेली की पुन्हा पाणी द्यायचे, ही आलटून पालटून ओलविण्याची रीत उपलब्ध वाणांनाही मानवते; उताऱ्यात फारशी घट न येता पाणी वाचते. ती का पसरत नाही? २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे, आणि कालव्याची पाणीपट्टी व्यवहारात पीक व क्षेत्र पाहून आकारतात, घनमीटर मोजून नव्हे. जास्तीच्या पाण्याची किंमत शून्य आणि कमी पाणी देण्यात जोखीम मात्र शेतकऱ्याची, अशा स्थितीत कोण नळी रोवील? मी मोफत विजेविरुद्ध नाही. पण ज्या गोष्टीची किंमत शून्य ठेवली तिची बचत बियाण्याकडून करून घेऊ, ही अपेक्षा कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसत नाही.

इथवर पाणी आणि वाण यांचे झाले. आता हातांचे बोलू, कारण आपल्या चळवळीचा खरा कस तिथे आहे. उभ्या पाण्याविना धान म्हणजे बहुशः रोवणीविना धान. एका एकराच्या रोवणीला आठ-दहा बायांचा दिवस लागतो. आषाढ-श्रावणात गुत्त्याने रोवणी करीत गावोगाव फिरणाऱ्या बायांच्या टोळ्या हे या जिल्ह्यातल्या भूमिहीन घरांचे वर्षातले सर्वांत भरवशाचे उत्पन्न आहे. त्यात कंबर मोडते, हातापायांची बोटे चिखलाने कुजतात, हे मी विसरलेलो नाही. हे काम सुखाचे आहे म्हणून ते टिकवा असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. पण कष्ट गेले आणि मजुरीही गेली, तर कष्टमुक्तीचे श्रेय घेणाऱ्याने मजुरीचा हिशेबही दिला पाहिजे.

साधा हिशेब मांडू. समजा हेक्टरी चाळीस क्विंटल धान होते आणि पाणी न साठविता केलेल्या पेरणीत उतारा वीस टक्क्यांनी घटला. अनेक प्रयोगांत वीस ते तीस टक्के घट आढळलेली आहे. तूट आठ क्विंटलांची. २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपयांनी, ती सुमारे एकोणीस हजार रुपये होते. शेतमालक ती कशी भरून काढतो? चिखलणी वाचते, पऱ्हे टाकण्याचा खर्च वाचतो, आणि सर्वांत मोठी रक्कम रोवणीच्या मजुरीतून वाचते. म्हणजे पाण्याच्या सार्वजनिक बचतीची किंमत, मालकाच्या वहीत नाव न येता, भूमिहीन बाई चुकती करते. वाण जितका सरस होईल तितकी ही तूट कमी होईल, हे खरे. म्हणून चांगल्या वाणाचे संशोधन हे मजुरांच्याही हिताचे आहे. परंतु तो वाण येईपर्यंतचा आणि आल्यानंतरचा भार कोणाच्या डोक्यावर, हे संशोधन केंद्र ठरवीत नाही. ते राजकारण ठरविते.

यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जो नवा ग्रामीण रोजगार कायदा केला, त्यात पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षाकाठी एकूण साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा राज्यांना दिली आहे. शेतीला मजूर मिळावेत हे त्यामागचे कारण. ज्या गावात रोवणीच उरली नाही, तिथे या साठ दिवसांत बायांनी काय करावे? रोजगार हमीचा पहिला कायदा ज्या महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, तिथे तरी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

रोवणी गेली की तण येते. निंदणीला बाया लावल्या तर मजुरी काही प्रमाणात परत मिळते, पण बाजाराची दिशा ती नाही. २०२४ मध्ये दिल्लीच्या संस्थेने 'पुसा बासमती १९७९' आणि 'पुसा बासमती १९८५' हे दोन वाण दिले. इमॅझेथापायर हे तणनाशक फवारले तरी ते मरत नाहीत. ते बासमतीचे आहेत आणि आपल्या कामाचे नाहीत, परंतु हाच गुण उद्या जाड धानात येणार यात शंका नको. अमेरिकेच्या अर्कान्सा राज्यात २००२ नंतर अशा तणनाशकसह धानाचा प्रसार झाला. काही वर्षांतच तो गुण परागांवाटे शेतातल्या रानटी धानात उतरला आणि औषध बोथट झाले. शेजारच्या छत्तीसगडात या रानटी धानाला करगा म्हणतात. तो ओळखून उपटता यावा म्हणून तिथे 'श्यामला' हा जांभळ्या पानांचा वाण काढला गेला होता. जांभळ्या रोपांतले हिरवे तेवढे तण समजायचे. किती साधी युक्ती! तिला बाईचा डोळा आणि हात लागतो, डबा लागत नाही. म्हणूनच वाणाच्या निवडीत 'तणाला दाबण्याची अंगची ताकद' हा निकष आग्रहाने मागितला पाहिजे. तो गुण बियाण्यात असतो, त्याची दरवर्षी खरेदी करावी लागत नाही. आणि नेमके म्हणूनच खासगी भांडवलाला त्यात रस नसतो. हे काम सार्वजनिक संशोधनाचे आहे.

सार्वजनिक संशोधन म्हटले की बियाण्याच्या मालकीचा प्रश्न आला. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या पटेल-३ धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्या वेगळ्या पेरल्या, आणि त्यातून एचएमटी धान निघाले. त्या काळच्या घड्याळाचे नाव तांदळाला मिळाले. पूर्व विदर्भात आणि बाहेरही ते पसरले. पुढे १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसारित केला आणि श्रेयाचा वाद झाला तो झालाच. खोब्रागडे २०१८ मध्ये गेले. बियाण्याचे जनक म्हणून त्यांना सन्मान लाभले, जमीन मात्र तुकड्याएवढीच राहिली. रायपूरला डॉ. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात छत्तीसगडच्या गावांतून धानाचे हजारो देशी नमुने गोळा केले. उतारावर, अपुऱ्या पावसात, उभ्या पाण्याविना येणारे कितीतरी त्यात आहेत. २००२ मध्ये हा साठा एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या हाती देणारा करार होऊ घातला होता. लोकांच्या विरोधामुळे तो मोडला. आपल्याकडच्या लुचई, गुरमटिया, चिन्नोर यांचेही तेच. भंडाऱ्याच्या चिन्नोरला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते चांगलेच, पण मानांकन नावाला मिळते, बियाण्यातल्या गुणांना नाही. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, बदलण्याचा आणि बिनछापाचे विकण्याचा हक्क दिला आहे. जनुक-संपादित वाणांना मात्र एक वेगळी गाठ आहे. ज्या क्रिस्पर तंत्राने ते घडले त्यावरील मूळ पेटंटे परदेशी संस्थांच्या आणि कंपन्यांच्या हातात आहेत. २०२२ च्या मार्चमध्ये केंद्राने परका जनुक न राहिलेल्या अशा वाणांना जनुकीय बदलाच्या जुन्या नियमांतून सूट दिली, त्यामुळे त्यांची वाट सोपी झाली. सार्वजनिक पैशाने झालेला वाण शेतकऱ्याच्या कणगीत परवान्याविना राहील, हे लेखी मागून घेण्याची वेळ वाण बाजारात येण्यापूर्वीची असते, नंतरची नव्हे.

शेवटी शीर्षकातला प्रश्न. समजा सगळे जमले; उन्हाळी धानाचे पाणी एक तृतीयांशाने वाचले. ते कोठे जाईल? भंडाऱ्यात पाण्याचे हक्क कसे हरवतात याचा इतिहास आहे. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने आणि गावांनी बांधलेले तलाव १९५१ मध्ये मालगुजारी संपली तेव्हा सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले, त्यासाठी आपल्या पूर्वसूरींनी आवाज उठविला होता. पण तलावासंबंधी गावाची जी रीत होती, म्हणजे पाणी वाटणारा गावाने नेमलेला माणूस, पाळ दुरुस्तीचे सामुदायिक श्रम आणि गाळ काढण्याची पाळी, तीही तिच्याबरोबर गेली. पूर्व विदर्भातले साडेसहा हजारांहून अधिक 'मामा तलाव' काही पाटबंधारे खात्याकडे, बहुतेक जिल्हा परिषदेकडे गेले आणि गाळाने भरत राहिले. १९८८ मध्ये पवनीजवळ गोसीखुर्दचा पायाभरणी समारंभ झाला, तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता आणि अडीच लाख हेक्टर भिजतील असे सांगितले होते. खर्च कित्येक पटींनी वाढला, गावे बुडाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाला मान्यता दिली. सुमारे ४२६ किलोमीटरच्या कालव्याने हे पाणी पार बुलढाण्यापर्यंत जायचे आहे. बुलढाण्याच्या शेतकऱ्याचा तहानेचा हक्क मी नाकारीत नाही. परंतु पूर्वेकडच्या शेतकऱ्याने कमी उताऱ्याची जोखीम घेऊन पाणी वाचवावे, रोवणीच्या बाईने मजुरी गमवावी, आणि वाचलेले पाणी कोणाचे हे मात्र मुंबईत ठरावे, ही वाटणी न्यायाची नाही. मघाशी सांगितलेला आकडा इथे आठवावा : शेतात आलेल्या पाण्याचा मोठा भाग झिरपून खालच्याला मिळतच होता. वरच्या बांधीत 'वाचले' म्हणून ते कालव्याने जिल्ह्याबाहेर नेले तर खालच्या गावच्या विहिरीतले पाणी गेले. ते वाचलेले पाणी नव्हे, उचललेले पाणी होय.

उन्हाळी आवर्तनाचा निर्णय कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो आणि ती पावसाळा सरल्यावर भरते. तिथे आजवर आपण पाणी किती आणि कधी एवढेच विचारीत आलो. यंदा दोन मागण्या लेखी द्याव्यात. जो पाणीवापर गट आलटून पालटून ओलविण्याची रीत घेईल, त्याचे वाचलेले पाणी त्याच तलावाच्या लाभक्षेत्रातल्या शेवटच्या टोकाला, आणि उन्हाळी धानाऐवजी कमी पाण्याची पिके घेणाऱ्या वरच्या बांध्यांना, नोंदवून द्यावे. आणि शासन धानाला हेक्टरी जी प्रोत्साहन रक्कम देते (२०२४-२५ साठी ती दोन हेक्टरांपर्यंत हेक्टरी वीस हजार जाहीर झाली होती) तिचा एक हिस्सा, जिथे रोवणी बंद झाली त्या गावच्या रोवणीकरणींना तलावाच्या पाळीच्या आणि गाळाच्या कामावर मजुरी म्हणून मिळावा. साकोलीच्या केंद्राकडे स्वतंत्र निवेदन न्यावे : पुढच्या खरिपात सिहार आणि बरडी जमिनीच्या उंच बांध्यांवर कोरड्या पेरणीच्या वाणांचे वाफे लावावेत, आणि लोंबी निवडण्याच्या दिवशी तिथे त्या बांध्यांचे मालक व त्यांत निंदणी केलेल्या बाया, दोघांनाही बोलवावे. कोणते रोप तणात दबले आणि कोणते वर आले हे त्यांनी तीन महिने जवळून पाहिलेले असते.